थवा घट्ट होतो तेव्हा

दुकानात फिशटँकचे मासे नगावर मिळतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. भिलाईतल्या कुठल्याही फिशटँकच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहावं. गिऱ्हाईक काचेवर बोट टेकवून म्हणतं, "ये दो, वो दो, और एक वो पीलावाला." दुकानदार जाळी फिरवतो, पिशवीत ऑक्सिजन भरतो, रबर आवळतो. दोन निऑन टेट्रा, दोन टायगर बार्ब, एक एंजल आणि काच साफ करायला म्हणून एक सकर, असं कडबोळं घरी पोचतं. आठवड्याभरात टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडून ठेवतात, निऑन फिल्टरमागच्या अंधारात तोंड लपवून बसतात, आणि घरातली मंडळी म्हणतात, आपल्याला काही मासे लाभत नाहीत.

पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक मामा आणि नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी त्यांची भाची यांचं एवढ्या एका बाबतीत एकमत आहे: थव्यानं राहणारे मासे दोन-दोन आणायचे नाहीत. त्यांची नावं सांगायची गरज नाही. कारखाना उभा राहत असताना आणि नंतरही विदर्भातून कितीतरी कुटुंबं इकडे आली, त्यामुळे एक पाय भिलाईत आणि एक नागपुरात असलेली मामा-भाचीची अशी जोडी इथल्या मराठी घरांत शोधायला फार हिंडावं लागणार नाही. मामांची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी. मामांच्या मते एवढ्या पाण्यात एकच जात किंवा फार तर दोन जाती असाव्यात, आणि त्या भरपूर असाव्यात. भाचीच्या मते त्या पाण्यात वनस्पती लावून मासे मुळीच ठेवू नयेत.

"काहून?" मामा विचारतात. "झाडं लावायला अंगण आहे की."

मोठ्या माशांचा मामांना कंटाळा आहे. ऑस्कर मालकाला ओळखतो, काचेपाशी येऊन खाणं मागतो. फ्लॉवरहॉर्न काचेबाहेरच्या बोटावर धावून जातो. लोकांना त्याचं कौतुक, मामांना वैताग. "आपल्याकडे बघत बसणारा मासा नको मला. मी बघतो, त्यानं बघू नये." इंच-सव्वा इंचाचे निऑन, झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब ही त्यांची माणसं, म्हणजे त्यांचे मासे. कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेले. त्यातही एकाच जातीचे वीस एकत्र असले की ते एका दिशेनं वळतात, एकाच क्षणी थांबतात आणि कुणी हुकूम दिलेला दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर तीन पाळ्यांचे भोंगे ऐकले, त्यांना बिनभोंग्याची ही शिस्त आवडली तर नवल नाही.

वादाला खरं तोंड फुटलं ते या शिस्तीवरूनच. भाची फोन घेऊन टाकीजवळ गेली, फ्लॅश चमकला, आणि इकडेतिकडे विखुरलेले वीस निऑन एका क्षणात मुठीएवढ्या जागेत गोळा झाले. निळ्या-लाल रेषांचा एकच पट्टा उजवीकडे गेला, वळला, डावीकडे गेला.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "हे बघण्यासाठी वीस पाहिजेत. सहा आणले तर हे होत नाही."

"मामा, तुम्ही ज्याला बघितलंस म्हणता ना, ते घाबरलेत."

"घाबरतील काय? रोज बघतात मला."

"तुम्हाला बघतात. फ्लॅश कुठे रोज बघतात?"

भाचीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. थवा हा आधी संरक्षणाचा उपाय आहे. शंभरांत एक असलेला मासा शिकाऱ्याच्या तोंडी जाण्याची शक्यता एकट्या माशापेक्षा कमी, हा साधा हिशेब. त्यात एकसारख्या हलणाऱ्या अंगांतून नेमका एक निवडताना शिकारी माशाचा गोंधळ उडतो. विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये याला आणखी कडू रूप दिलं: कळपातला प्रत्येक जीव दुसऱ्या कुणालातरी आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये आणायला बघतो आणि त्या ढकलाढकलीतूनच कळप घट्ट होतो. मामांना दिसलेल्या शिस्तीच्या मुळाशी ही अशी आपमतलबी धडपड असू शकते. मधमाश्यांच्या नाचासाठी पुढे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवलं होतं की मिनो जातीच्या माशाच्या कातडीला जखम झाली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि सोबतचे मासे भेदरतात. झेब्रा माशांतही अशी सोय आहे. एकाला जाळीनं खरचटलं तर बातमी सगळ्या टाकीत पोचते.

अंगाला अंग लावून, एका दिशेनं, एका वेगानं पोहणारा थवा हा म्हणूनच बहुधा सावध थवा असतो. निर्धास्त मासे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहतात पण सैल पसरतात. कुणी तळाशी टोचत असतो, कुणी पानाआड, दोघे उगीच एकमेकांना हुसकावत. दुकानदार ज्या दृश्यावर मासे विकतो, ते भीतीचं दृश्य आहे. मासे मजेत असले की ते दृश्य मोडतं. टाकीच्या छंदातली ही सगळ्यात अवघड गोष्ट असावी: पाहणाऱ्याला जे हवं असतं ते आणि माशाला जे हवं असतं ते इथं सरळ एकमेकांविरुद्ध उभं आहे.

मामांनी हे निमूट ऐकून घेतलं असं कुणी समजू नये. त्यांचं उत्तर तयार होतं. "बरं, घाबरतात. तलावात काय करतात? वरून खंड्या, काठावर बगळा, खाली मरळ. तिथे चोवीस तास भीतीच. माझ्या टाकीत ती दिवसातून एकदा, तीही तू आलीस म्हणून."

हा प्रतिवाद वाटतो त्यापेक्षा वजनदार आहे. निसर्गातला झेब्रा मासा साधारण वर्षभरच जगतो. प्रयोगशाळेत तोच तीन वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेल्या झेब्रा माशांचा भित्रेपणा रानातल्या भाईबंदांपेक्षा कमी असल्याचंही दिसलं आहे. म्हणजे मामा भीती कमी करतात हे खरं. पण भाचीनं तिथेच पकडलं.

"मग भीती गेली की थवाही सैल होणार. तुम्ही वीस मासे कशासाठी आणलेत? थवा बघायला. उद्या तुम्ही उत्तम मत्स्यपालक झालात की तुम्हाला थवा दिसणारच नाही."

"दिसेल. खाणं टाकताना दिसेल. दिवा मालवताना दिसेल."

"आणि एरवी?"

"एरवी मी पेपर वाचतो."

संख्येचा मुद्दा मात्र नुसत्या मताचा उरलेला नाही. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी घरगुती टाक्यांत सर्रास दिसणाऱ्या ४ जाती घेतल्या: निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड मिनो, टायगर बार्ब आणि एंजल. त्यांना १, २, ५ आणि १० च्या गटांत ठेवून त्यांचं वागणं नोंदवलं. गट मोठा तसं एकत्र पोहणं जास्त, आणि बिथरल्याची लक्षणं कमी, असा एकूण कल निघाला. त्या अभ्यासातल्या लिन स्नेडन यांनीच २००३ मध्ये सहकाऱ्यांसोबत ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात हे दाखवलं होतं. छंदी लोकांत "कमीत कमी सहा" हा नियम फिरतो तो या अभ्यासाकडे बघता कंजूषच वाटतो. तीन फुटांच्या टाकीत सहा जातींचे सहा-सहा ठेवण्यापेक्षा एका जातीचे वीस-पंचवीस ठेवणं चांगलं. इथं लेखकाचं मत मामांच्या पारड्यात.

पाण्याच्या प्रश्नावर मामांचा कारखाना त्यांच्या मदतीला येतो. दुर्ग-रायपूरच्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडकाचे थरच्या थर आहेत. जामूलला सिमेंटचा कारखाना उगाच उभा राहिला नाही. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी वर्षानुवर्षं भिलाईच्या भट्टीत जात राहिली, कारण लोहखनिजातला मळ आपल्याकडे ओढून घ्यायला चुनाच लागतो. तोच चुना बोअरच्या पाण्यात विरघळून नळाच्या तोटीवर, गिझरच्या नळीवर आणि फिशटँकच्या काचेवर पांढरी किनार धरतो. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये असेपर्यंत मरोद्याच्या तलावाचं पाणी यायचं. निवृत्तीनंतर मामा बोअरवर आले, तसे त्यांचे मासे बोअरवर आले.

"आणि त्या पाण्यात तुम्ही ॲमेझॉनचा मासा ठेवलात," भाची म्हणते.

निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. १९३६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि विल्यम इनेस या अमेरिकी मत्स्यालय-मासिकाच्या संपादकाचं नाव त्याला चिकटलं. त्याचं घर म्हणजे पालापाचोळ्यानं चहासारखं रंगलेलं, मऊ, आंबटसर पाणी. भिलाईच्या बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी. पण आज दुकानात मिळणारा निऑन बहुतेक वेळा ॲमेझॉन न पाहिलेला असतो. आग्नेय आशियातल्या आणि इतर ठिकाणच्या मत्स्यशेतांत त्याच्या अनेक पिढ्या वाढल्या. जड पाण्यात तो जगतो. अंडी मात्र तिथं धड उबत नाहीत. मामांना पिलं नकोच आहेत, म्हणून त्यांचं चाललं.

जड पाण्याचा खरा धोका वेगळाच आहे, आणि तो नव्या टाकीत असतो. मासे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाण्यातला अमोनिया किती विषारी, हे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा अर्ध्याहून जरासाच जास्त भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर तोच शेकडा पाचांच्या वर जातो. म्हणजे मासे तेवढेच, खाणं तेवढंच, आणि विष नऊपट. मऊ पाण्याच्या गावी जो हलगर्जीपणा खपून जातो तो भिलाईच्या बोअरवर खपत नाही. संध्याकाळी टाकी आणली, रात्री भरली, सकाळी मासे सोडले, की चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. दुकानदाराच्या माथी खापर फुटतं ते बहुधा इथंच. टाउनशिपच्या नळाच्या पाण्याची अडचण निराळी, ती क्लोरीनची. त्यावर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, किंवा पाणी दिवसभर उघडं ठेवणं हे जुने उपाय आहेत आणि ते चालतात.

जड पाण्यावर मामांनी आरओचा उपाय काढला. "म्हणजे तुमचे लाड पुरवायला आरओचं पाणी," भाची म्हणाली. "आरओ एक बादली देतं तेव्हा किती बादल्या गटारात जातात, हे बघितलंय ना?"

"गटारात जात नाही. अंगणातल्या भांडीवालीसाठी भरून ठेवतो."

हा मुद्दा दोघांनीही तिथंच सोडला आणि ते बरं झालं.

उन्हाळा सोडता येत नाही. मे महिन्यात इथं पारा ४४-४५ पर्यंत चढतो. खोलीतल्या टाकीचं पाणीही हळूहळू तिशी ओलांडतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ अंशांना जेमतेम सात. त्याच वेळी माशाच्या शरीराची मागणी वाढलेली असते. पुण्या-मुंबईची मंडळी चिलर नावाचं महागडं यंत्र घेतात. मामांनी टाकीचं झाकण काढून वर जाळी टाकली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा टेबलफॅन लावला. भिलाईची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. घरोघरी लावलेला कूलर याच तत्त्वावर चालतो. जुलैत दमट हवेत कूलर निकामी होतो तसा हा पंखाही, पण तोवर पावसानं गरज संपवलेली असते. यात एक खोच आहे आणि ती फार कमी जणांच्या ध्यानात येते. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोज दोन-तीन तांबे बोअरचं पाणी वरून भरत गेलं, तर महिन्याभरात टाकी आणखी जड. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं ते नेहमीचं. या एका वापरासाठी आरओचा हट्ट भाचीनंही मान्य केला, कुरकुरत का होईना.

मग ती मूळ आक्षेपाकडे वळली. हे मासे कुठून तरी ओरबाडून आणलेले असतात. नदी रिकामी करून दिवाणखाना सजवायचा, हे कसं चालेल? ऐकायला हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण या धंद्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवली तर तो इतका सरळ राहत नाही.

पहिलं उदाहरण निऑनच्याच भावकीतल्या कार्डिनल टेट्राचं. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या होड्यांतून जाऊन हाताच्या जाळ्यांनी हे मासे पकडतात आणि ते जगभर जातात. पावसाळ्यात जंगल पाण्याखाली जातं तेव्हा हा मासा अमाप वाढतो आणि पाणी ओसरलं की अमाप मरतो. त्यामुळे पकडीनं तो संपत आल्याचं दिसत नाही. उलट या माशावर पोट असलेली माणसं जंगल तोडू देत नाहीत, कारण जंगल गेलं तर मासा गेला. निंग लॅबिश चाओ या मत्स्यशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये सुरू केलेला 'प्रोजेक्ट पियाबा' नेमकं हेच सांगतो. मत्स्यशेतांतले स्वस्त कार्डिनल बाजारात आल्यावर बार्सेलोसच्या लोकांचं उत्पन्न आटलं. टाकीत वाढवलेला मासा निष्पाप आणि नदीतून पकडलेला पापी, हा हिशेब तिथं उलटा पडतो.

दुसरं उदाहरण आपल्या सह्याद्रीतलं. अंगावर लाल आणि काळा पट्टा, शेपटीवर पिवळे-काळे ठिपके, असा हा देखणा मासा बाजारात 'मिस केरला' म्हणून ओळखला जातो. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. केरळ-कर्नाटकातल्या मोजक्या डोंगरी ओढ्यांत तो राहतो, तोही थव्यानं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंगापूरच्या प्रदर्शनातून तो जगापुढे आला आणि परदेशी टाक्यांसाठी त्याची इतकी उचल झाली की आज तो धोक्यातल्या जातींत मोडतो. केरळ सरकारला पकडीवर बंधनं आणावी लागली. २०१३ मध्ये त्याला 'सह्याद्रिया' हे नवं प्रजातीनाम देणाऱ्या चार संशोधकांत पुण्याचे नीलेश दहाणूकर होते. एक मासा पकडल्यानं जंगल वाचतं, दुसरा पकडल्यानं ओढा रिकामा होतो. फरक माशांच्या पुनरुत्पादनात आहे, त्यांच्या मुलखाच्या आकारात आहे आणि पकडणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथंच यायचं आहे की नाही यात आहे. भिलाईच्या काउंटरवर यातलं काहीच दिसत नाही. तिथं फक्त भाव लिहिलेला असतो.

"मग ॲमेझॉनही नको, सह्याद्रीही नको," मामा म्हणाले. "आपल्या धानाच्या शेतातला चालेल का तुला?"

"पाळायचाच असेल तर तोच चालेल."

गंमत अशी की तो मासा जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध माशांपैकी एक आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ काढला. त्यातच झेब्रा डॅनिओचं पहिलं वर्णन आहे आणि रोझी बार्बचंही. झेब्रा डॅनिओ संथ ओढ्यांत, तळ्यांच्या काठाला आणि भातशेतीच्या पाण्यात राहतो. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी तो प्रयोगशाळेत आणला आणि १९८१ च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर जगभरच्या संशोधकांनी तो उचलला. २०१३ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच छापून आला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं त्यात सापडली. मामांच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी: निसर्गात हा मासा हिवाळ्यातल्या ६ अंशांपासून उन्हाळ्यातल्या ३८ अंशांपर्यंतच्या पाण्यात आढळला आहे. म्हणजे भिलाईचा डिसेंबर आणि भिलाईचा मे दोन्ही त्याच्या ओळखीचे. हीटर नको, पंखा असला तर उत्तम, जड पाण्याची तक्रार नाही. छत्तीसगढला भाताचं कोठार म्हणतात आणि तिथल्या दिवाणखान्यांत भातशेतातल्या माशाऐवजी ॲमेझॉनचा मासा पोहतो, यात दोष आवडीपेक्षा दुकानाच्या मांडणीचा जास्त. झेब्रा डॅनिओ स्वस्त असतो, म्हणून तो खालच्या टाकीत.

देशी माशांच्या वाट्याला आणखी एक छळ येतो. हॅमिल्टनच्याच ग्रंथातला एक पारदर्शक मासा आहे, ज्याच्या अंगातून काटा दिसतो. त्याच्या शरीरात सुईनं रंग टोचून तो 'पेंटेड ग्लास फिश' म्हणून विकला जातो. काही महिन्यांत रंग उतरतो, मासा तोवर टिकला तर. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं मत्स्यालयांच्या दुकानांसाठी जे नियम काढले होते, त्यात अशा कृत्रिम रंगाच्या माशांना बंदी होती. व्यावसायिकांचा विरोध झाला आणि नियम मागे घेतले गेले. मामा दुकानात रंगवलेली विडो टेट्रा बघतात आणि पुढे जातात. भाची दुकानदाराशी भांडते.

"मैत्री बागेत पांढरा वाघ बघायला हट्ट करायचीस, ते विसरलीस वाटतं," मामांनी टोला हाणला.

"तेव्हा मला कुठं माहीत होतं? १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात मोहन नावाचा एक बछडा पकडला, त्याच्या वंशात आपसांत जोड्या लावून लावून पांढरे वाघ काढले. माणसाला रंग हवा असतो, मामा. तुमचे निऑन काय आणि तो वाघ काय."

"निऑनचा रंग त्याचा स्वतःचा आहे."

हे बरोबर आहे. निऑनची निळी रेषा रंगद्रव्याची नसते, कातडीतल्या ग्वानिनच्या स्फटिकथरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते, आणि रात्री ती आपोआप मावळते. सकाळी सहाला दिवा लावणाऱ्याला फिकट, जांभळट मासे दिसले तर ते आजारी नसतात, नुकतेच उठलेले असतात. आणि मत्स्यालय ही निव्वळ चैन आहे, हे भाचीचं म्हणणंही जुन्या पिढीला पटणारं नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. भिलाईची पहिली झोतभट्टी त्यांनीच ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटवली. त्या काळाला दोन्ही गोष्टी लोकशिक्षणाच्या वाटत होत्या.

एका ठिकाणी भाचीनं मामांना गप्प केलं. शेजाऱ्यांचा सकर हातभर वाढला, टाकीत मावेना, तेव्हा त्यांनी तो पुण्य म्हणून तलावात सोडला आणि मामांनी त्यांना अडवलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या या चिलखती माशाला आपल्याकडे खाणारं फारसं कुणी नाही, तो अंड्यांवर आणि शेवाळावर चरतो आणि काठात बिळं करतो. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत तो सापडल्यावर बातम्या झाल्या. कुणाच्या तरी टाकीतूनच तो गेला असणार. डास मारायला म्हणून १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणलेला गंबुसिया मासाही असाच गावोगावच्या पाण्यात पसरला आणि देशी लहान माशांच्या मुळावर आला. मामांनी लगेच डासांचा धागा पकडला: २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूनं हाहाकार केला, तेव्हा अळ्या खाणारे मासे सगळ्यांनाच हवे होते. "डॅनिओ कूलरच्या टाकीतल्या अळ्या मिटक्या मारत खातात."

"कूलरच्या टाकीत अळ्या होतातच कशा, ते आधी सांगा."

मामींनी त्यावर मामांकडे जे पाहिलं, त्याचा अर्थ दोघांनाही कळला.

शेवटचा प्रश्न भाचीनंच काढला आणि त्यात तीच अडकली. निऑन चांगल्या टाकीत चार-पाच वर्षं जगतो. वीसचे पंधरा होतात, पंधराचे सात. वाद सुरू झाला तेव्हाच्या विसांपैकी मामांचे आता नऊ उरलेत.

"आता नवे आणू नका," ती म्हणाली. "आहेत ते सुखानं जगू द्या, मग टाकीत झाडं लावू."

"नवाचे तीन झाले की? तूच म्हणालीस ना, दोन-तीन ठेवणं म्हणजे छळ."

भाची जरा वेळ काही बोलली नाही. आपल्याच अभ्यासानं तिला दुकानात जाऊन आणखी निऑन आणायला सांगण्याच्या कोपऱ्यात ढकललं होतं. भर घालत राहिलं तर टाकी कधीच संपणार नाही, न घातली तर शेवटचे दोघे एकाकी. तिनं तिसरा मार्ग काढला: सहा उरले की ते कुणाच्या तरी मोठ्या थव्यात सोडायचे. सेक्टरमध्ये कुणाकडे तरी असतीलच निऑन. आणि मामांनी पुढे झेब्रा डॅनिओ ठेवायचे, एकदम पंचवीस, तेही टाकीत जन्मलेले.

"देईन," मामा म्हणाले. "पण आधी मी त्यांच्या टाकीचं पाणी तपासणार. अमोनिया निघाला तर देणार नाही."

"आणि सगळ्यांकडेच निघाला तर?"

"तर नऊचे वीस करतो. पैसे तू दे."